आडनावाला ढाल नसते: काचेच्या ग्लासवर घराण्याची खूण घालण्याआधी

लग्नाच्या, वास्तुशांतीच्या आहेरात आता काचेच्या ग्लासांचे सेट पुष्कळ दिसतात, आणि त्यांवर नुसतं नाव नसतं. मधोमध ढाल, ढालीला दोन्ही बाजूंनी धरून उभे असलेले सिंह, वर मुकुट, खाली फीत आणि फितीत आडनाव. ऑनलाइन दुकानात आडनाव टाइप केलं की ‘तुमच्या घराण्याचं चिन्ह’ दोन सेकंदांत समोर येतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून मुंबईला, पुण्याला, परदेशी गेलेली मुलं मे महिन्यात किंवा गणपतीला घरी येताना असे सेट हौसेने आणतात. घरची माणसं सोलकढी ओतताना ग्लास उजेडात धरून बघतात आणि विचारतात, हे सिंह आपल्याकडे कधी होते?

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं सरळ उत्तर असं की ते सिंह तुमच्याकडे कधीच नव्हते. बहुतेक वेळा ज्या युरोपातून ते आले तिथेही ते कोणा ‘आडनावाचे’ नव्हते. पण आपल्या माणसांची, आपल्या गावाची काही खूण रोजच्या वस्तूवर असावी ही इच्छा मला फार मोलाची वाटते. म्हणून ही ढाल म्हणजे नेमकं काय, ती कोणाची असते, आणि कोकणातल्या घराकडे तिच्या जागी घालायला काय काय आहे, हे नीट समजून घेऊ.

ढालीवरचं चित्र आलं कुठून

घराण्याच्या ढालीची पद्धत पश्चिम युरोपात बाराव्या शतकात रुजली. त्याआधीही ढालींवर चित्रं होती, पण ती वंशपरंपरेने चालत नव्हती. १०६६ सालच्या हेस्टिंग्जच्या लढाईचं भरतकाम केलेला एक लांबलचक पट फ्रान्समध्ये बायो इथे जपलेला आहे. त्यात ढालींवर नक्षी आहे, पण कोणती नक्षी कोणाची असा पक्का नियम दिसत नाही. पुढच्या शंभरेक वर्षांत तो नियम तयार झाला. फ्रान्समधल्या अंजू प्रांताच्या जेफ्रीला त्याच्या सासऱ्याने, म्हणजे इंग्लंडच्या पहिल्या हेन्रीने, सिंहांची ढाल दिली असं जुनी बखर सांगते. पुढे जेफ्रीच्या नातवाच्या, विल्यम लाँगस्पेच्या, सॉल्सबरी कॅथीड्रलमधल्या थडग्यावर तसेच सिंह कोरलेले आहेत. हा विल्यम १२२६ साली वारला. आजोबांची ढाल नातवाकडे आली, याचा हा अगदी सुरुवातीचा पुरावा मानतात.

तोंडावर लोखंडी शिरस्त्राण आलं की माणूस ओळखू येत नाही, म्हणून ढाल लांबून ओळखता यायला हवी. स्पर्धेच्या मैदानात तर ती हवीच. आणि कागदावर मेणाची मोहोर उठवायची तर त्या मोहोरेवरही तेच चित्र हवं. रंगांचा नियम यातूनच आला. पिवळा आणि पांढरा हे ‘धातू’, म्हणजे सोनं आणि चांदी. लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे ‘रंग’. धातूवर धातू ठेवायचा नाही, रंगावर रंग ठेवायचा नाही. निळ्यावर काळा सिंह काढला तर पन्नास पावलांवरून दिसणार कसा? आज ऑनलाइन मिळणाऱ्या ‘घराण्याच्या चिन्हां’मध्ये हा पहिलाच नियम सर्रास मोडलेला असतो. जाणकाराला तेवढ्यावरून चित्र बनावट असल्याचा संशय येतो.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. ढाल बहाल होते ती शब्दांत. ‘निळ्या पार्श्वभूमीवर तीन सोनेरी सिंह, एकाखाली एक’ असं ठराविक भाषेतलं वर्णन म्हणजेच ती ढाल. चित्रकार बदलला की सिंहाची आयाळ बदलते, शेपटी बदलते, ढाल मात्र तीच राहते. त्यामुळे ‘हेच मूळ अस्सल चित्र’ असा विक्रेत्याचा दावा ज्यांच्याकडे खरोखर ढाल आहे अशा घराण्यांच्या बाबतीतही टिकत नाही.

ती असते कोणाची

इंग्लंडमध्ये ढाल मिळते एका माणसाला आणि त्याच्या वंशाला. आडनावाला मिळत नाही. हा कारभार पाहणारं कॉलेज ऑफ आर्म्स १४८४ साली तिसऱ्या रिचर्डच्या सनदेने सुरू झालं आणि आजही लंडनमध्ये चालू आहे. अमुक आडनावाची ढाल अशी काही वस्तूच नसते, हे ते उघडपणे सांगतात. एकाच आडनावाच्या शेकडो कुटुंबांतल्या एखाद्या माणसाला सतराव्या शतकात ढाल मिळाली असेल. त्याच्या वंशात तुम्ही आहात हे पिढी-दर-पिढी कागदाने दाखवता आलं, तरच ती तुमची. शेजारच्या माणसाचं आडनाव आपलंच आहे म्हणून त्याचा सातबारा आपल्या नावावर होत नाही, तसंच हे.

एकाच वंशातही बाप आणि मुलगा अगदी तीच ढाल वापरत नाहीत. बाप हयात असताना थोरल्या मुलाच्या ढालीवर वरच्या बाजूला एक पट्टी येते, दुसऱ्याच्या ढालीवर चंद्रकोर, तिसऱ्याच्या ढालीवर चांदणी. स्कॉटलंडचा कायदा त्याहून कडक आहे. तिथे लॉर्ड लायन नावाच्या अधिकाऱ्याचं न्यायालय आहे, आणि सगळ्या ढालींची सरकारी नोंदवही १६७२ पासून चालू आहे. कुळाच्या प्रमुखाची ढाल ही त्याची एकट्याची. कुळातल्या बाकीच्यांना फक्त त्याच्या शिरस्त्राणावरचा तुरा, तोही पट्टा आणि बक्कल यांच्या गोल चौकटीत, बिल्ला म्हणून लावता येतो.

सगळीकडे असंच आहे असं मात्र नाही. पोलंडमध्ये वेगवेगळ्या आडनावांची अनेक घराणी एकच ढाल मिळून वापरत. जपानमध्ये ‘मोन’ नावाची गोल चिन्हं खरोखर घराण्यांची असतात आणि किमोनोवर, लाखेच्या भांड्यांवर दिसतात. तोकुगावा घराण्याची तीन पानं त्यांतली सगळ्यांत प्रसिद्ध. पण ग्लासवाल्यांचा नमुना पोलंडचाही नसतो नि जपानचाही नसतो. तो इंग्लिश ढालीचा असतो, आणि नियम नेमका तिथलाच मोडलेला असतो.

इंग्लिश आडनावांसाठी विक्रेते निदान जुन्या याद्या चाळतात आणि त्या नावाच्या कोणा एकाची ढाल उचलून सगळ्यांना विकतात. मराठी आडनावांसाठी अशी यादीच नाही. म्हणून तिथे एकच साचा असतो: सिंह, मुकुट, ढालीवर आडनावाचं पहिलं अक्षर. परब टाकलं काय, पेडणेकर टाकलं काय, सिंह तेच.

या किनाऱ्यावरच्या खऱ्या ढाली

खऱ्या युरोपीय ढाली पाहायला लांब जायला नको. अलिबागहून मुरुडकडे जाताना रेवदंडा लागतं. तिथे पोर्तुगीजांनी बांधलेल्या कोटाच्या दरवाजावर पोर्तुगालच्या राजाची ढाल दगडात कोरलेली आहे: मधे फुलीच्या आकारात मांडलेल्या पाच छोट्या ढाली, आणि भोवतीच्या किनारीत लहान लहान किल्ले. खाडीच्या पलीकडे कोर्लई आहे. गोव्यात जुन्या गोव्याला असिसीच्या संत फ्रान्सिसच्या चर्चमध्ये गेलात तर एकदा खाली बघा. चर्चची जमीन थडग्यांच्या दगडांची आहे. त्यांवर ढाली, शिरस्त्राणं, तुरे कोरलेले आहेत, खाली त्या माणसाचं नाव आणि मजकूर आहे, आणि काही दगड सोळाव्या शतकातले आहेत. माणसं चालून चालून कडा झिजल्या आहेत, तरी ढालीचे भाग बोटाने चाचपता येतात. दगडावर नाव एका माणसाचं आहे आणि ढालही त्या माणसाची आहे, हे तिथे उभं राहिलं की लगेच कळतं.

इथे गोवा, मालवण, वसई या पट्ट्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण त्यांना पोर्तुगीज आडनावाच्या ढालीचे ग्लास सगळ्यांत सहज विकले जातात. डिसोझा, फर्नांडिस, परेरा ही आडनावं इथल्या कुटुंबांना बहुतेक बाप्तिस्म्याच्या वेळी मिळाली. बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्रीचं किंवा धर्मपित्याचं आडनाव घ्यायची रीत होती. एकाच गावातल्या भावकीला दोन आडनावं आणि एकमेकांशी काही नातं नसलेल्या दोन कुटुंबांना एकच आडनाव, असं त्यातून झालं. पोर्तुगालमधल्या सोझा घराण्याच्या ढालीशी या कुटुंबांचं सहसा रक्ताचं नातं नाही. आणि त्याने त्यांचं काही अडतही नाही. त्यांच्याकडे पूर्वीच्या गावकारीच्या, म्हणजे गावच्या सामायिक जमिनीच्या व्यवस्थेच्या, नोंदी आहेत, वाड्याचं नाव आहे, चर्चच्या वहीत कित्येक पिढ्यांचे बाप्तिस्मे आणि लग्नं आहेत. एवढ्या सलग नोंदी फार थोड्या घरांकडे असतात.

संस्थानांचं काय, असं कोणी विचारेल. १८७७ च्या दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीला ‘कैसर-ए-हिंद’ जाहीर केलं, तेव्हा हिंदुस्थानातल्या राजेरजवाड्यांना साटीनचे ध्वज दिले गेले. त्यांवरच्या ढाली रॉबर्ट टेलर नावाच्या बंगालमधल्या सनदी अधिकाऱ्याने आखून दिल्या होत्या. सिंह, हत्ती किंवा वाघ ढाल धरून उभे आहेत अशी जी चिन्हं संस्थानी लेटरहेडवर दिसतात, त्यांतली बरीच त्या काळाची किंवा त्यानंतरची. म्हणजे राजवाड्यांकडेसुद्धा हा प्रकार फार जुना नाही.

आपल्याकडे काय होतं

आपल्याकडे मुद्रा होत्या. त्यांचा नियम पाहिला की आश्चर्य वाटतं, कारण तो इंग्लिश ढालीच्या नियमापेक्षाही काटेकोर आहे. शिवाजी महाराजांची मुद्रा शाळेपासून पाठ असते: ‘प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता। शाहसूनोः शिवस्यैषा मुद्रा भद्राय राजते॥’ शहाजींचा पुत्र शिवाजी, त्याची ही मुद्रा. भोसले हे आडनाव त्यात कुठेच नाही. संभाजीराजांनी ती मुद्रा पुढे चालवली नाही, त्यांनी स्वतःची केली. पहिल्या बाजीरावांची मुद्रा ‘श्री राजा शाहू नरपति हर्षनिधान, बाजीराव बल्लाळ मुख्य प्रधान’ अशी. स्वतःचं नाव, बापाचं नाव, धन्याचं नाव आणि हुद्दा. माणूस बदलला की मुद्रा बदलली.

भोसले हेच आडनाव घ्या. सातारा, कोल्हापूर, नागपूर, तंजावर, अक्कलकोट आणि आपली सावंतवाडी, इतक्या गाद्या या नावाच्या होऊन गेल्या. या सगळ्यांसाठी ‘भोसले घराण्याचं चिन्ह’ म्हणून एकच चित्र ग्लासवर घालायचं ठरवलं, तर ते यांतल्या कोणाचं?

सामान्य माणसाची खूण वेगळी होती आणि मला ती मुद्रेहूनही जास्त भावते. गावात तंटा झाला की गोतसभा बसे आणि निवाड्याचा कागद, म्हणजे महजर, लिहिला जाई. सह्या करता न येणारे लोक आपली निशाणी करत, आणि ती निशाणी आपल्या कामाच्या हत्याराची असे. पाटलाचा नांगर. सुताराचा वाकस. लोहाराचा सांडस. न्हाव्याचा आरसा. बाईने निशाणी केली तर बांगडी. देशावरच्या महजरांत अशा निशाण्या ओळीने दिसतात, शेजारी मोडीत नाव लिहिलेलं. आम्ही हे काम करतो, या गावात आमचा हा हक्क आहे, एवढं त्या छोट्या चित्रात येतं. ढालीवरच्या सिंहापेक्षा हे चित्र खरं आहे, कारण ते हत्यार त्या माणसाच्या हातात रोज असायचं.

देवक ही आणखी एक खूण. मराठा आणि इतर अनेक समाजांत लग्नाआधी देवक बसतं. ते कळंब असेल, पंचपल्लव असेल, मोराचं पीस असेल, तलवारीची धार असेल. एका देवकात लग्न होत नाही, म्हणजे देवक खरोखर कुळ दाखवतं, जे आडनाव दाखवत नाही. दक्षिण कोकणात त्याशिवाय गावऱ्हाटी आहे. शिमग्याला पालखीला पहिला खांदा कोणाचा, होळीला पहिला मान कोणाचा, दसऱ्याला देवाचं तरंग, म्हणजे देवाचा सजवलेला खांब, कोणाच्या हाती, हे गावात पक्कं ठरलेलं असतं. कुठे चित्र नाही, तरी चुकलं की सगळं गाव जागं होतं.

मग आडनाव काय सांगतं?

पुष्कळ सांगतं, फक्त रक्त सांगत नाही. कोकणातली बरीच आडनावं गावाच्या पाटीसारखी वाचता येतात: दाभोळकर, हर्णेकर, चिपळूणकर, वेंगुर्लेकर, पेडणेकर. ज्या गावातून माणूस बाहेर पडला त्या गावाचं नाव त्याला लागलं. गावात राहणाऱ्याला गावाचं नाव लावून उपयोग नव्हता, म्हणून ‘कर’ हे बहुतेक वेळा उठून गेल्याचं लक्षण. एका गावातून निघालेले सगळे एकाच जातीचे किंवा धर्माचे नसतात. त्यामुळे तेच आडनाव हिंदू घरात मिळतं, कोकणी मुसलमान घरात मिळतं. अलिबाग-पेण-रोहे भागात शतकानुशतकं राहिलेल्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू, कुटुंबांची आडनावंही पेणकर, रोहेकर, किहीमकर अशीच आहेत. शिवाय गावाची नावं पुन्हापुन्हा येतात. शिरगाव रत्नागिरीत आहे, देवगडात आहे, चिपळुणाजवळही आहे. सगळे शिरगावकर एका ढालीखाली कसे आणणार?

दुसरी आडनावं कामावरून आणि हुद्द्यावरून आली: खोत, पोतदार, महाजन, तांडेल, सारंग. श्रीवर्धनच्या भट घराण्यातले बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले आणि पुढच्या पिढ्यांना हुद्दाच आडनाव म्हणून चिकटला. या किनाऱ्यावरचं सगळ्यांत दरारा असलेलं नाव आंग्रे. पण कान्होजींच्या घराण्याचं मूळ आडनाव संकपाळ, आणि अंगरवाडी या गावावरून ते आंग्रे झाले. म्हणजे ज्यांच्या नावाने समुद्रावर दस्तक, म्हणजे जहाजांचा परवाना, चालत होतं, त्यांचंही आडनाव दोन-तीन पिढ्यांत बदललेलं. सर्वसामान्य घरात तर आडनाव पक्कं झालं ते इंग्रजी अमदानीत शाळेचा दाखला, जमिनीचा कागद आणि कोर्टातली नोंद आल्यावर. मास्तरांनी हजेरीपटावर जे लिहिलं ते राहिलं, असं अनेक घरांत म्हातारी माणसं सांगतात.

आपलं नाव यांतल्या कोणत्या वाटेने आलं हे शोधायचं असेल तर साधनं आहेत. कोकणातल्या अनेक घराण्यांनी कुलवृत्तांत छापले आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यांकडे यजमानांच्या पिढ्यांच्या वह्या असतात. गावाचं आणि आजोबांचं नाव सांगितलं की ते पान काढतात. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे, तिथले जुने कागद बहुतांशी मोडीत आहेत. आणि सगळ्यांत आधी माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी उतरवून पाहा.

माळ्यावरची नावं

भांड्यावर नाव घालणं ही आपली जुनी, आपली स्वतःची रीत आहे. वाडीत कार्य निघालं की घराघरातून हंडे, टोप, पराती गोळा व्हायच्या, आणि कार्य उरकल्यावर ज्याचं त्याला परत करायचं तर नाव हवं. आमच्या घरी तांब्याचा एक हंडा आहे. त्याच्या गळ्याखाली नाव आहे ते रेषेने कोरलेलं नाही, छिन्नीच्या ठिपक्यांनी पाडलेलं आहे. ठिपक्यांची एक आडवी ओळ म्हणजे शिरोरेखा, तिच्याखाली लोंबणारे ठिपके म्हणजे अक्षरं. आधी नावाची आद्याक्षरं, मग आडनाव, मग ‘मु.’ आणि गावाचं नाव. वेलांटी पुरी मावली नाही म्हणून कारागिराने ती पुढच्या अक्षरावर कलती केली आहे. घासून घासून मधले काही ठिपके बुजलेत. बोट फिरवलं की मात्र नाव लागतं. दुसऱ्या एका परातीवर बहिणीला भावाने दिल्याचं लिहिलं आहे, म्हणजे ती परात माहेरची. एका भांड्यावर माणूस, गाव, नातं, सगळं आहे. काचेच्या ग्लासवर काय घालावं, असं मला कोणी विचारलं तर मी आधी हेच सांगते: नाव, गाव, निमित्त आणि साल.

त्याखेरीज एखादं चित्र हवंच असेल तर घरातलं खरं काही घ्या. देवक असेल तर त्या झाडाचं पान. खाडीवर वाढलेलं घर असेल तर स्वतःच्या होडीची आकृती. सुतारकी असेल तर वाकस. आजोबांची मोडीतली सही जुन्या खरेदीखतावर सापडली तर तिच्यासारखी दुसरी गोष्ट नाही. फक्त कोरण्याआधी मोडी वाचणाऱ्याकडून तीच सही आहे ना याची खात्री करा, शेजारच्या साक्षीदाराची उचलली जाण्याची भीती असते.

कुलदैवताचं चित्र मात्र ग्लासवर घालू नये असं माझं ठाम मत आहे. ग्लास उष्टा होतो, बेसिनमध्ये खरकट्यात पडतो, आणि उद्या त्यात कोण काय ओतेल हे आपल्या हाती नाही. व्याडेश्वर असो, लक्ष्मीकेशव असो, मंगेशी असो की शांतादुर्गा, देवाच्या गावाचं नाव लिहावं. गुहागर, कोळिसरे, मंगेशी, कवळे एवढं लिहिलं तरी ज्याला कळायचं त्याला कळतं. दीपमाळ काढली तरी शोभते.

कायद्याच्याही दोन गोष्टी आहेत. अशोकस्तंभाचे सिंह भारदस्त दिसतात म्हणून काही जण तेच मागतात. पण राजचिन्हाचा गैरवापर रोखणारा कायदा २००५ साली झाला आहे आणि खासगी वस्तूवर ते चिन्ह चालत नाही. छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र १९५० च्या बोधचिन्हं व नावांविषयीच्या कायद्याच्या यादीत आहे. म्हणून ग्लास विकायचा धंदा करत असाल तर परवानगीशिवाय त्यांचा वापर करू नका.

काचेवर ते उठतं कसं

काचेवर घराण्याच्या खुणा काढणं युरोपातही जुनंच. जर्मन प्रदेशात सोळाव्या-सतराव्या शतकात मोठे पेले मीनाकामाने रंगवत. त्यांवर दोन तोंडांचा गरुड आणि त्याच्या पंखांवर पवित्र रोमन साम्राज्यातल्या घटकांच्या ५६ ढाली असत. प्रागमध्ये कास्पार लेमानने फिरत्या चाकाने काच कोरायची कला पुन्हा उभी केली आणि १६०९ साली त्याला तिचा खास परवाना मिळाला. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या बील्बी घराण्याने १७६० च्या दशकात पेल्यांवर रंगीत ढाली काढल्या. तेव्हा अशी वस्तू ज्याची ढाल त्याच्याच मागणीवरून बनायची.

आज मुख्यत्वे चार पद्धती चालतात. लेसरमध्ये किरणाने काचेचा अगदी वरचा थर एकदम तापतो, त्याला बारीक तडे जातात आणि तो भाग दुधी दिसतो. म्हणजे लेसर काच कापत नाही, पृष्ठभाग फोडतो. म्हणून कडा जराशा खरबरीत लागतात. वाळूच्या फवाऱ्यात चित्राच्या आकाराचं स्टिकर लावून उघड्या भागावर दाबाने बारीक कण मारतात. खोली छान येते आणि स्पर्शही मऊ लागतो. चाकाने किंवा हिऱ्याच्या टोकाने हाताने कोरणं सगळ्यांत सुंदर आणि सगळ्यांत महाग. चौथी पद्धत छपाईची. भट्टीत भाजून पक्का केलेला रंग वर्षानुवर्षं टिकतो. नुसता वरून छापलेला रंग भांडी घासण्याच्या काथ्याने सुटतो, आणि कोकणात घासणी अजून कडक असते. कोणत्याही रंगीत छपाईत काठापासून दोन सेंटीमीटर जागा मोकळी सोडायला सांगा, कारण काही रंगांत शिसं आणि कॅडमियम असू शकतं आणि ओठ तिथेच लागतात. टफन केलेल्या ग्लासवर खोल कोरू नका. त्या काचेत आतून ताण भरलेला असतो, खोल घाव लागला तर ती एकदम फुटते.

देवनागरीची अडचण वेगळी. कोरणाऱ्याचं सॉफ्टवेअर जुनं असेल तर जोडाक्षरं फुटतात. ‘शिर्के’ मधली वेलांटी ‘श’च्या पुढे जाऊन बसते, रफार वरून निसटून सुटा ‘र्’ होतो, ‘कर्णिक’चं ‘करणिक’ होतं. म्हणून मजकूर टाइप करून पाठवू नका. आपल्याकडे नीट दिसतोय तोवरच त्याची आकृती करून घ्या, म्हणजे अक्षर हे अक्षर न राहता चित्र होईल, आणि ती फाइल द्या. स्टिकर कापताना ‘ळ’, ‘क’, ‘व’ यांच्या पोटातले तुकडे सुटून पडतात. ते एकेक करून जागेवर बसवावे लागतात आणि घाईत नेमका एखादा राहतो. अनुस्वाराचा ठिपका फार बारीक असेल तर वाळूच्या माऱ्यात त्याचा स्टिकरच उडतो. म्हणून जाड, मोकळ्या वळणाचं अक्षर निवडा आणि आडनाव निदान बोटाच्या पेराएवढं उंच ठेवा. ग्लास गोल असतो, तेव्हा एका नजरेत येईल एवढाच मजकूर एका बाजूला घ्या. ‘वेंगुर्लेकर’ एवढं लांब नाव मोठं केलं तर अर्धं वळणापलीकडे जातं, ते दोन ओळींत तोडण्यापेक्षा आकार उतरवलेला बरा.

सेटची ऑर्डर देण्याआधी एकच ग्लास करून मागवा. त्यात पाणी भरा, मग ताक भरा, मग कोकम सरबत भरा. दुधी कोरीव काम पांढऱ्या ताकासमोर जवळजवळ दिसेनासं होतं आणि लाल सरबतासमोर उठून येतं. मग तो घरातल्या सगळ्यांत वयस्क माणसाच्या हातात द्या आणि नाव, गाव, साल मोठ्याने वाचून घ्या. काना-मात्रेची चूक असेल तर तिथे सापडेल, आणि गावाचं नाव जुन्या कागदांत वेगळं लिहीत असतील तर तेही त्यांनाच ठाऊक असतं.